चार फॉर्म, तीन हजर

कराड,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळू,

तुझे तीन फोन मी घेतले नाहीत. दहाव्याच्या दिवशी दोन आणि भाऊबिजेच्या रात्री एक. ‘कामात होतो’ असं नंतर कळवलं ते खोटं होतं. फोन हातात होता, तुझं नाव दिसत होतं आणि तोंडातून शब्द फुटेना. जे सांगायचंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून आज रविवार बघून लिहायला बसलोय. आपण हॉस्टेलवरून एकमेकांना पत्रं टाकायचो, त्याला वीस वर्षं झाली. अक्षर लावून वाच.

आम्ही सगळे ठीक. मला शुगर निघालीय, गोळी चालू आहे. आईचे गुडघे होते तसेच.

आजी गेल्याचं तुला गावच्या ग्रुपवरून कळलं. पहिला फोन मी तुला करायला हवा होता. दसऱ्याला तिनं पाटीपूजन केलं होतं, एक-एक आकडा जोडून सरस्वती काढली, हात थरथरत होता तरी काढली. मग आठवड्यात संपलं. झोपेतच गेली. त्रास काही झाला नाही. पण तिची शेवटची चार वर्षं कशी गेली ते तुला नीट माहीत नाही, आणि सगळं तिथूनच सुरू होतं.

२०२१ च्या जुलैत आंबेघरला दरड कोसळली, ती रात्र आठवते ना? तू तिकडून रात्रभर फोन करत होतास. टीव्हीवर आंबेघरचं नाव आलं आणि आजी अंथरुणात उठून बसली. शाळेतल्या नोकरीची पहिली वर्षं तिनं मोरणेच्या खोऱ्यातच काढली होती, त्या वाड्यांवरची किती पोरं तिच्या हाताखालून गेली असतील. पहाटेपर्यंत ती नावं घेत राहिली. साठ-पासष्ट सालची नावं, जी माणसं आज स्वतः आजोबा झालीत. आम्हाला वाटलं धक्क्यानं होतंय, चार दिवसांनी थांबेल. ते थांबलंच नाही. रोज सकाळी चहा झाला की हजेरी.

उत्तर आल्याशिवाय ती पुढच्या नावावर जायची नाही. मग आम्ही घरातली आळीपाळीनं ‘हजर बाई’ म्हणायचो. माझी धाकटी तर आवाज बदलून बदलून वीस-वीस जणांची हजेरी द्यायची. तुझं नाव माझ्याकडं असायचं. एकदा मी तुझ्या त्या घोगऱ्या आवाजात ‘हजर’ म्हटलं, तर चष्म्यावरून बघून म्हणाली, “बाळू आलेला नाही. कुणी दिली त्याची हजेरी?” जेवले का नाही हे तिला आठवत नव्हतं गड्या, पण तुझा आवाज बरोबर ठाऊक होता. शाळेत असताना तू किती वेळा माझ्याकडून हजेरी लावून घेऊन ओढ्याला पळालास, ते सगळे दिवस तिनं त्या दिवशी वसूल केले.

एक नाव मात्र असं होतं की कुणीही ‘हजर’ म्हटलं तरी तिला पटायचं नाही. तुझ्या अक्काचं. शाळेतलं पूर्ण नाव, तुमच्या नानांच्या नावासकट. ते नाव आलं की ती दाराकडं बघायची आणि म्हणायची, “ती आलेली नाही. जा, हाक मारा तिला. गाडी निघेल.” मग तिचा दिवस बिघडायचा. आईनं एकदा शेजारच्या पोरीला वेणी घालून दारात उभी केली. आजीनं तिला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तू चांगली मुलगी आहेस. पण तू ती नाहीस.”

आता तू म्हणशील, हे सगळं मला आत्ता का सांगतोस. सांगतो. जरा दम धर.

तिची हिरवी पत्र्याची पेटी तुला माहीत आहे. कैऱ्या पिकत घालायच्या म्हणून आपण एकदा उघडली होती आणि तुझ्या पाठीवर रूळ मोडला होता. दहाव्याच्या आदल्या रात्री मी ती उघडली. सगळ्यात वर जिल्हा परिषदेचा नेमणुकीचा आदेश, १९६२ चा. जिल्हा परिषदा त्याच वर्षी १ मेला सुरू झाल्या, म्हणजे ती अगदी पहिल्या भरतीतली. बाबा तेव्हा दोन वर्षांचे. त्यांना सासूच्या ओटीत घालून तिनं साताऱ्याला ट्रेनिंग केलं होतं. खाली तिच्या रोजच्या पाठांच्या टाचण वह्या. वर्षाला एक, पुठ्ठ्याची, पाठीवर साल. मी रात्रभर वाचत बसलो रे. बायको दोनदा उठून बघून गेली.

आपल्याला वाटतं आपल्याला आजी माहीत होती. मला काय माहीत होतं? शाळेत ‘आजी’ म्हटलं की तिला ऐकू यायचं नाही, ‘बाई’ म्हटलं की यायचं. घरी आल्यावर तीच बाई दुधात भाकरी कुस्करून माझ्यापुढं ठेवायची आणि दुपारी दिलेल्या छडीच्या जागी खोबरेल चोळायची. एवढंच. वह्यांत निराळंच माणूस आहे. १९६७ च्या वहीत ११ डिसेंबरच्या पानावर पाठाचं नाव नाही, फक्त ‘पहाटे भूकंप. मागची भिंत पडली. मुलं सर्व सुखरूप’ एवढं. त्या भूकंपात कोयनानगर झोपलं, दीडशेच्या वर माणसं गेली. हिनं आठवडाभरात आंब्याखाली शाळा भरवलीय. जमीन पुन्हा पुन्हा हलायची तेव्हा पोरं घाबरून पळायची, म्हणून तिनं त्यांना मोजायला लावलं, धक्का किती आकडे टिकतो ते. पहिलीतल्या एकाला त्या महिन्यात वीसपर्यंत अंक आले अशी नोंद आहे. सत्तावीस वर्षांची पोरगी होती ती तेव्हा.

१९७७-७८ चा सरकारी नोकरांचा आणि शिक्षकांचा तो चोपन्न दिवसांचा संप. त्या दिवसांची पानं कोरी असतील असं मला वाटलं होतं. शाळेची पानं कोरीच आहेत, पण मागच्या बाजूनं वही उलटी धरून लिहिलंय, ‘संध्याकाळी ओट्यावर. पावकी, निमकी. मुलं अकरा.’ पगार बंद, घरात दूध बंद केलं होतं असं आई सांगते, तिनंही ते सासूकडूनच ऐकलेलं. आणि ओट्यावर अकरा पोरं.

१९९१ ची खानेसुमारी मला स्वतःला आठवते. मी सहा-सात वर्षांचा, पुढं बॅटरी धरून चालायचो. सरकारी कागदाबरोबर तिची एक छोटी वही असायची. घरातली माणसं लिहून झाली की ती सहज विचारायची, “हा शाळेत का येत नाही?” मग ते नाव त्या वहीत. वरच्या वस्तीवरची तुझी सगळी कबड्डीची टीम त्या वहीतून शाळेत आली, हे तुला तरी माहीत होतं का?

आणि १ जून. त्याचं एक वेगळंच पान आहे. जन्मतारीख माहीत नसलेल्या पोरांची यादी आणि प्रत्येकासमोर ‘१ जून’. तुझ्या आईनं ‘नागपंचमीला झाला’ असं सांगितलं होतं, तेही पुढं कंसात लिहिलंय. म्हणजे तिला माहीत होतं लेका, आणि तरी तुला १ जूनच दिली. दाखल करायला वय बसत नव्हतं तुझं. एक वर्ष आधी तुला शाळेत ओढायला तिनं तुझा वाढदिवस हलवला. दर १ जूनला अर्ध्या गावाला शुभेच्छा देता देता तुझे अंगठे दुखतात ना, ती सगळी तिची पोरं. तिची स्वतःची तारीखही १ जूनच, तिच्या गुरुजींनी टाकलेली. म्हणून ३१ मे १९९८ ला रिटायर झाली.

एक सांगायचं राहिलं, २०१९ चं. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास सात’ असं वाचायला आलं आणि सगळीकडं गदारोळ झाला. मीही घरी येऊन तावातावानं बोललो, मराठी बुडाली वगैरे. आजी एकोणऐंशीची. शांतपणे म्हणाली, “तू दुसरीत सत्तावन्नला पंचाहत्तर लिहायचास. पन्नास आणि सात म्हणायला लावलं तेव्हा तुला आलं. नंतर सत्तावन्न. विसरलास?” खरंच विसरलो होतो. तिनं ते तीस वर्षांआधीच करून टाकलं होतं.

आता मुद्द्याचं. हात जड झालाय.

१९८९ ची वही. फेब्रुवारीतलं पान. मी जसंच्या तसं उतरवतो.

‘शिष्यवृत्ती परीक्षा, पाटण. चार फॉर्म, तीन हजर.’ मग अक्काचं नाव. ‘गैरहजर. भावास गोवर. आई मुंबईस. गाडी दहा मिनिटे थांबवली. आणखी थांबवायला हवी होती.’

आणि त्या पानात घडी घालून ठेवलेलं अक्काचं प्रवेशपत्र. छत्तीस वर्षं.

तो भाऊ तू. तू साडेचार वर्षांचा होतास. नानांच्या पायाचं तेच साल. मस्जिद बंदरच्या गोदीत पाठीवरची गोण घसरली आणि काकी रातोरात मुंबईला गेल्या, आठवतंय? नाही आठवायचं तुला. घरात तुमची म्हातारी, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि अक्का दहा वर्षांची. तू तापानं फणफणलेला, अंगभर गोवर.

याच्या आधीची दोन पानं वाचली तेव्हा मला कळलं की आजी नानांच्या पायाशी बसून आली होती. जखम व्हायच्या आधी, दिवाळीला नाना गावी आले होते तेव्हा. नाना म्हणाले होते, स्कॉलरशिप लागली तर पाचवीला पाटणला ठेवतो. आजीनं तिच्या बहिणीकडं खोलीचीही सोय बघून ठेवली होती. फॉर्मची फी तिनं भरली होती. अक्का पास झाली असती रे. तिच्या सराव पेपरचे मार्क मांडलेत वहीत, चौघांत सगळ्यात पुढं ती. त्या एका सकाळी सगळं ठरलं.

आता १९९८ चं भांडण काढतो. आपण नववीत. आजीच्या निरोप समारंभाच्या मांडवामागं तू म्हणालास, “तुझ्या आजीनं सगळ्या गावाला शिकवलं, आमच्या अक्काला तेवढं गाडीत घेतलं नाही. पाटलाची पोरं नेली.” मी दगड मारला. तुझ्या भुवईवर खूण आहे अजून. दीड वर्ष आपण बोललो नाही. मला तेव्हा वाटलं, तू माझ्या आजीच्या सगळ्या नोकरीवर थुंकलास. आज कळतंय, तुमच्या घरात ती गोष्ट तशीच सांगितली जात होती आणि तू जी ऐकलीस ती बोललास. मला आणखी एक गोष्ट आत्ता कळली. आजी मांडवाच्या कनातीपलीकडंच बसली होती. त्या रात्री तिनं मला मारलं नाही, रागावलीही नाही. फक्त विचारलं, “बाळू जेवून गेला का?” मी म्हटलं, “माहीत नाही.” मग ती पुरणपोळ्या बांधून स्वतः तुमच्याकडं आली होती. नानांनी दार उघडलं नाही हे मला खूप नंतर कळलं.

तिची ती सकाळची फेरी आठवते? घंटेच्या आधी सगळी वाडी पालथी घालायची, ज्याच्या त्याच्या दारात उभं राहून पोर घेऊनच निघायची. तुला तर कानाला धरून न्यायची. मी आईला विचारलं, ती पहिल्यापासून असं करायची का? आई १९८२ ला या घरात आली. तिला नक्की आठवत नाही. म्हणाली, “फेरी आधीही असेल. पण दारात थांबून राहायची सवय नंतरची.” मला वाटतं ती फेब्रुवारीनंतरची. तू विचार कर. तुझ्या कानाला धरून तुला शाळेत नेणारी बाई रोज सकाळी कुणाच्या दारात उभी होती. ते दार तुमचंच होतं ना रे.

१९९२ ला गरिबाघरच्या मुलींना हजेरीमागं दिवसाला एक रुपया भत्ता सुरू झाला. त्या वर्षीच्या वहीत एक ओळ आहे, ‘तीन वर्षे आधी आला असता तर.’ नाव लिहिलेलं नाही.

आता माझी चूक. मुख्य तीच आहे.

दहाव्याला अक्का आली होती. ढेबेवाडीहून पहाटेची निघालेली. मधल्या सोप्यात आईजवळ बसली. फार रडली नाही. बोलता बोलता म्हणाली, ती आता त्यांच्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते. भात होईपर्यंत चौथीच्या दारात उभी राहून पाढे ऐकते. एकदा तिनं पोरांना औटकी, साडेतीनचा पाढा, म्हणून दाखवली, ‘बे औट सात, तीन औट साडेदहा’, तर मास्तर बघतच राहिले. कुणी शिकवलं म्हणाले. तर ही म्हणाली, “आमच्या बाईंनी.”

मग मला बाजूला बोलावलं. परड्यात, शेवग्याखाली. म्हणाली, “त्या दिवशी मी आले होते रे. बाळूला म्हातारीच्या मांडीवर टाकलं आणि पळत सुटले. पिंपळापर्यंत आले तर गाडी वळणावर गेलेली. धूळ दिसली फक्त. बाई थोडं थांबल्या असत्या तर.” रागानं नाही म्हणाली. पाऊस पडला असं सांगावं तसं म्हणाली. मग म्हणाली, “बाळूला यातलं काही सांगू नको. गोवराचं त्याला माहीत नाही. त्याच्या जिवाला लागेल.” मी हो म्हटलं.

आणि मग तिनं विचारलं, “शेवटी बाई माझं नाव घेत होत्या का?”

मी ‘नाही’ म्हणालो, बाळू. “नाही गं, शेवटी कुणालाच ओळखत नव्हती.”

आदल्या रात्री वही वाचलेली. प्रवेशपत्र वीस पावलांवर पेटीत. चार वर्षं रोज सकाळी ते नाव मी माझ्या कानांनी ऐकलेलं. आणि मी ‘नाही’ म्हणालो. तिच्या चेहऱ्यात काही हललं नाही. ‘बरं’ म्हणून आत गेली आणि पंगतीला वाढायला उभी राहिली.

का म्हणालो ते महिनाभर शोधतोय. घरात माणसं होती. तिची सासू दारातून बघत होती. ‘हो’ म्हटलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं, की आजीनं दहा मिनिटं गाडी थांबवून धरली होती. म्हणजे अक्काला कळलं असतं की तिची गाडी अगदी थोडक्यात चुकली. हे कळून बरं वाटतं का वाईट? मला अजून ठरवता येत नाही. एकदा वाटतं, बाई आपली वाट बघत होत्या, आयुष्यभर बघत होत्या, हे तिला कळलंच पाहिजे, तिचा हक्क आहे तो. एकदा वाटतं, शेचाळीस वर्षांच्या बाईच्या हातात दहाव्या वर्षाचं प्रवेशपत्र ठेवून मी काय साधणार आहे? ती उद्या सकाळी परत भातच शिजवणार आहे. आणि आजीला शेवटपर्यंत कळलं नाही की पोरगी पळत आली होती. तिनं ‘गैरहजर’ लिहिलं. दोघींमध्ये एक पिंपळ होता फक्त. दोन्ही बाजू माहीत असलेला माणूस एकटा मी, आणि मी तोंड बंद ठेवलं.

म्हणून अक्काला दिलेला शब्द मोडून तुला लिहितोय. तुला त्रास व्हावा म्हणून नाही हे तुला वेगळं सांगायला नको. गोवर तू आणला नव्हतास. तू साडेचार वर्षांचं पोर होतास आणि तुझी बहीण तुझ्याजवळ बसली होती, एवढंच त्यात आहे. पण आजीला तू नावं ठेवलीस आणि मी तुला दगड मारला, ते दोन्ही चुकीचं होतं, हे मला तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार? बायकोला सांगितलं तर ती म्हणते, “देऊन टाका ना कागद, त्यात काय.” तिचं बरोबरही असेल. पण ती वाडीतली नाही.

माझं म्हणणं असं की प्रवेशपत्र तू द्यावंस. मी नाही. मी खोटं बोलून बसलोय, माझ्या हातून ते माफी मागितल्यासारखं होईल. तुझ्या हातून गेलं तर तिला हेही कळेल की गोवराचं तुला समजलं आणि तू उभा आहेस. मग मी मागून येऊन माझं सांगेन, की आजी रोज तुझं नाव घेत होती आणि दाराकडं बघत होती. ते मीच सांगायला हवं.

गावची शाळा अजून चालू आहे. पट नऊवर आलाय, दोन शिक्षक. वीसच्या आतल्या शाळांचं काय करणार याची गावात सारखी चर्चा. फळ्यावर आता पाल्याचा रस आणि कोळसा घासावा लागत नाही, हिरवे बोर्ड आलेत. वह्या शाळेला द्याव्यात असं आई म्हणते. त्यावरही बोलू.

तुझ्या मुलीचा दहावीचा सराव कसा चाललाय? गणिताची भीती गेली का? घणसोलीच्या घराचे हप्ते किती राहिले? मार्केटातलं तुझं काम सुरळीत असेल अशी आशा. वहिनींना नमस्कार.

येत्या रविवारी, २३ ला, ये. शनिवारी रात्रीची गाडी धर, पहाटे मी कराड स्टँडवर असेन. इथून ढेबेवाडीला दुपारच्या आत पोचू, शाळेला सुट्टी म्हणजे अक्का घरी असेल. प्रवेशपत्र घडीवर विरलंय, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या वहीतच ठेवलंय. पोस्टानं पाठवायची माझी हिंमत नाही.

आणि अक्काला आधी फोन करू नकोस. तिचा फोन सासूजवळ असतो.

तुझाच,
पिंट्या